मालन आत्या आणि पुण्याचा आवाज

आमच्या मालन आत्याला कोणीही आवडत नाही. देवासमधला अर्धा मराठा समाज याची साक्ष देईल. उरलेल्या अर्ध्यातल्या बायकांचे ब्लाऊज तीच शिवते, त्या तर शपथेवर सांगतील. "हाताला फुगा पाहिजे" असं कोणी म्हटलं की ती चष्म्यावरून वर बघते आणि विचारते, "दंडाला आहे तेवढा पुरत नाही का?" बाई रागावते, दोन दिवस दुसऱ्या शिंप्याकडे जाते आणि तिसऱ्या दिवशी कापड घेऊन परत आमच्या जिन्यात उभी असते. कारण आत्याच्या हातचा ब्लाऊज अंगाला बसतो तसा कोणाचा बसत नाही. आत्या तिला परत आल्याबद्दलही बोलून घेते.

विसाव्या वर्षी तिला बदनावरला दिली होती. सासरची धान्याची आडत होती. काही वर्षांनी ती एका टेम्पोत शिवणयंत्र ठेवून, त्याच्या शेजारी बसून देवासला परत आली. का आली ते तिने कोणाला सांगितलं नाही. मग समाजाने आपापल्या बुद्धीप्रमाणे कारणं तयार केली. तिने एकही खोडून काढलं नाही. "सांगू दे की," म्हणायची, "रिकाम्या तोंडाला काही तरी काम पाहिजे."

आई गेली तेव्हा मी आणि माझा भाऊ दीपेश शाळेत होतो. आम्हाला वाढवलं ते आत्याने. लाड केल्याचं मात्र एकदाही आठवत नाही. ताप आला तर ती रात्रभर उशाशी बसायची आणि सकाळी ताप उतरला की म्हणायची, "झालं नाटक? ऊठ, दात घास."

वडिलांना आम्ही पोरंही बापूसाहेबच म्हणतो. जिल्हा कचेरीतून ते बाबू म्हणून निवृत्त झाले, पण चालतात असे की जणू मागून कोणी छत्री धरून येतंय. देवासात एके काळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमचे पणजोबा धाकट्या पातीच्या घोड्यांच्या पागेत होते. बापूसाहेब हे सांगतात तेव्हा पणजोबा पागेचे मुख्य असतात. आत्या वरच्या खोलीतून ओरडते, "पागेत होते हे खरं दादासाहेब, पण घोड्यांपुढे चंदी टाकायला होते!" थोरल्या भावाला ती तोंडावर कधी अरेतुरे करत नाही. अपमान करते तोही अहोजाहो करून.

मी इथल्या औद्योगिक भागात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. वय एकोणतीस झालं तशी बापूसाहेबांची झोप उडाली. आणि अशात समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून पुण्याचं स्थळ आलं. मुलाचं नाव मनन, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. वडील जगदेवराव, स्वतःचा मोठा फ्लॅट. बापूसाहेबांना दुसऱ्या दिवसापासून आमची मराठी टोचायला लागली. आम्ही शिकलो हिंदीत, बोलतो माळव्याच्या ढंगात, दर वाक्यात एक पाय इकडे एक तिकडे. "गुंजन, 'मी जाऊन राहिले' म्हणायचं नाही. 'मी जात आहे' म्हणायचं," ते मला सांगायचे, आणि लगेच दीपेशला हाक मारायचे, "क्या कर रिया है रे ऊपर?"

पहिली भेट व्हिडिओ कॉलवर ठरली, रविवारी सकाळी. कॉम्प्युटर बैठकीतच होता, दीपेशच्या कॉलेजच्या वेळी घेतलेला. बापूसाहेबांनी त्याच्या मागच्या भिंतीवर नवा पडदा लावला आणि पडद्याशेजारी एका फेटेवाल्या माणसाची तसबीर टांगली. तो माणूस आमच्या घराण्यातला आहे की तसबीरवाल्याने फुकट दिलेला, हे अजून सिद्ध झालेलं नाही. मग ते जिन्याशी गेले आणि आवाज बारीक करून आत्याला म्हणाले, "मालन, आज तू वरच थांब हां. पहिल्याच भेटीत लोक विचारतात, ही कोण, इथं का राहते. उगीच फाटे फुटतात."

मला तेव्हा बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी तोंड उघडलंच होतं, पण आत्याने मला हातानेच गप्प केलं. "विचारलंच तर सांगा, मेली," ती म्हणाली आणि टेप गळ्यात टाकून वर निघून गेली.

वर तिच्याकडे एक छोटा गोल स्पीकर होता, मुठीत मावेल एवढा. दीपेशने आणून दिलेला. खालच्या कॉम्प्युटरवर आम्ही बातम्या लावायचो आणि वर तिच्या स्पीकरवर त्या बिनतारी ऐकू यायच्या. बातम्यांमधली भांडणं ऐकत ती कापड बेतायची आणि भांडणाऱ्या सगळ्यांना समान न्यायाने मूर्ख ठरवायची. त्या रविवारीही तिने सवयीने स्पीकरचं बटण दाबलं आणि कात्री हातात घेतली.

खाली कॉल लागला. पडद्यावर पुणं आलं. मधे जगदेवराव, उजवीकडे मुलाची आई, मोत्यांचा सर घालून, आणि कडेला मनन, मान खाली, मोबाईलमध्ये. बापूसाहेबांनी हात जोडले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार, आपणांस भेटून अतिशय आनंद होत आहे."

पुण्याकडून तिघांपैकी दोघांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"हॅलो!" बापूसाहेब ओरडले. "आवाज येत नाही!"

मुलाच्या आईने दचकून कान धरले. म्हणजे आमचं त्यांना ऐकू जात होतं, आणि चांगलंच जात होतं. त्यांचं आमच्यापर्यंत येत नव्हतं. एवढं माझ्यासारख्या गोळ्या मोजणारीलाही कळलं. बापूसाहेबांना मात्र वाटलं, पुणं लांब आहे, जरा जोर लावावा. त्यांनी आणखी जोर लावला.

दीपेश इंदूरच्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअर झालेला आहे. त्याने प्रथम आवाजाची पट्टी शंभरवर नेली. ती आधीच शंभरवर होती. मग टेबलावरच्या दोन स्पीकरची पिन काढून फुंकर मारून परत घातली. मग पुण्याला म्हणाला, "अंकल, तुमचा माइक म्यूट आहे, चेक करा ना." जगदेवरावांनी खाली वाकून काही तरी दाबलं, परत वर येऊन बोलले. काही नाही. दीपेशने कॉल बंद करून पुन्हा जोडला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. चालू व्हायला त्याला इतका वेळ लागला की मी पदर दोनदा नीट केला आणि पोह्यांवरची शेव मऊ पडली. पुणं पुन्हा आलं, तेवढंच मुकं. आपल्या इंजिनिअरला सगळी बटणं माहीत आहेत, कुठलं कधी दाबायचं हे सोडून.

"मोनूला बोलव," बापूसाहेब म्हणाले.

मोनू आमचा चुलतभाऊ. लग्नाच्या वरातीत डीजे लावतो, त्यामुळे आवाज या विषयातला घराण्यातला शेवटचा अधिकारी. तो गल्लीतूनच आला, कॅमेऱ्यासमोर पाठ करून उभा राहिला आणि कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. जणू आतून कोणी कण्हतंय का ते बघतोय. मग डब्यावर एक थाप मारली.

"भिया, साउंड कार्ड उड गया," तो दीपेशला म्हणाला. "विंडो नई डालनी पड़ेगी."

"अबे मेहमान बैठे हैं सामने!" दीपेश म्हणाला.

"तो क्या हुआ. उनको सुनाई थोड़ी देता है."

"त्यांना ऐकू जातंय!" मी दातांआडून म्हटलं. पण मोनू तोवर टेबलाखाली शिरला होता आणि पुण्याच्या मंडळींना त्याचं जे काही दिसायचं ते दिसत होतं.

मी मात्र खुर्चीत बसून हसत होते. मुलगी बघायला आलेत म्हटल्यावर मुलीने काय करायचं असतं? समोर तीन माणसं होती. सुरुवातीला ती आमच्याकडे बघत होती. मग त्यांची खात्री पटली की आपलं इथे पोचत नाही. मग ती एकमेकांशी बोलायला लागली. मुलाची आई तोंडाच्या कोपऱ्यातून बोलायची आणि मधेच माझ्याकडे बघून गोड हसायची. मीही उलट हसायची. काय बोलताहेत ते कळत नव्हतं, पण तिची नजर पडद्यावरून तसबिरीवर आणि तसबिरीवरून मोनूवर फिरायची तेव्हा थोडं कळत होतं.

वर काय चाललं होतं ते आत्याने मला नंतर सांगितलं. ती बाही कापत होती आणि स्पीकरमधून अचानक एक अनोळखी बाई बोलायला लागली. आत्याला आधी वाटलं, बातम्यांतलीच कोणी. मग ती बाई म्हणाली, "हे देवासवाले म्हणजे ना, मराठी का म्हणायचं यांना? मेरेको-तेरेको सगळं." आत्याची कात्री थांबली. झालं होतं एवढंच, की आत्याने बटण दाबताच कॉम्प्युटरने सवयीप्रमाणे वरचा स्पीकर शोधला आणि पुण्याचा सगळा आवाज त्याच्याकडे पाठवून दिला. खाली टेबलावरचे दोन स्पीकर रिकामे बसले होते. आमचं बोलणं कॅमेऱ्यातल्या माइकमधून जात होतं, म्हणून ते पुण्याला नीट पोचत होतं.

आत्या खाटेवर बसली आणि ऐकू लागली. पडद्याच्या रंगाबद्दल ऐकलं. बापूसाहेबांच्या नमस्काराची नक्कल ऐकली. माझ्या रंगाबद्दल ऐकलं, त्यात तिला फारसं काही वाटलं नाही, कारण तसं ती स्वतःही म्हणते. मग जगदेवराव म्हणाले, "इतक्या लांबून कशाला? पुण्यात मुली नाहीत का?"

आणि मुलाची आई म्हणाली, "लांबचीच बरी. माहेर उठून दर आठवड्याला दारात येत नाही. मामंजींना आता अंथरुणावरून उठवत नाही, दिवसभर माणूस पाहिजे. नोकरी करते ती पहिले दोन महिने करू दे, मग सोडायला सांगू. पुण्याची मुलगी ऐकेल का? ही ऐकेल. जाणार कुठे?"

आत्या उठली. स्पीकर तिने तसाच हातात घेतला आणि जिना उतरली.

बैठकीच्या दारात ती आली तेव्हा मोनू टेबलाखालून सरपटत बाहेर येत होता. आणि तिच्या मुठीतून आवाज आला, स्वच्छ, पुण्याचा: "...आणि ती एक आत्या आहे म्हणे, नवऱ्याला सोडून आलेली. चौकशीत निघालं. बघ, कशी लपवलीय."

पडद्यावर मुलाच्या आईचे ओठ बरोबर तेच बोलत होते.

दीपेश कपाळावर हात मारून पुटपुटला, "अरे यार, आउटपुट इसपे जा रहा था!" बापूसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांना शब्द कळलेच नव्हते, आवाज आला एवढंच कळलं होतं. ते पुण्याला सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात आत्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा दादासाहेब. ऐका," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

ते ऐकू लागले. आम्ही सगळे ऐकू लागलो. पुण्याच्या बाईला काहीच माहीत नव्हतं. दारात आलेली म्हातारी शिंपीण कोण, हेही तिने विचारात घेतलं नसावं. ती आणखी एकदा मामंजींवर आली. अंथरूण, जेवण भरवणं, रात्री दोनदा उठणं. "दोन वेळची पोळी घातली की ही माळव्याची पोरं मुकाट राबतात," ती म्हणाली. जगदेवराव म्हणाले, "मननला काय वाटतं?" मनन मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला, "मला काय, तुम्ही ठरवा."

आत्या तोवर कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली होती, हात पुढे करून, कोणाला प्रसाद द्यावा तशी. स्पीकरमधून निघालेलं पुण्याचं बोलणं आमच्या माइकने उचललं आणि परत पुण्याला पाठवलं. मुलाच्या आईने "मुकाट राबतात" म्हटलं, आणि क्षणभराने तिच्याच घरात, तिच्याच आवाजात, तिला ऐकू आलं, "मुकाट राबतात."

ती थांबली. मग बोलून बघितलं, "हे काय?" परत आलं, "हे काय?"

मोत्यांच्या सरावरचा तो चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. मला दया वाटली असं सांगितलं तर ते खोटं होईल.

आत्याने खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्यासमोर नीट बसली. "मी मालन," ती म्हणाली. "चौकशीत निघालेली. तुमचा आवाज फार स्वच्छ येतोय. बोला ना, थांबलात का?"

जगदेवराव खाकरले. "अहो, तसं नाही... ते आमचं आपलं घरगुती बोलणं चाललं होतं."

"घरगुतीच ऐकायचं होतं. पाहुण्यांसमोर सगळेच गोड बोलतात, त्यात काय ऐकायचं?"

तेव्हा मनन पहिल्यांदा मोबाईलमधून वर बघायला लागला. मी त्याला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

तो आईकडे बघू लागला, मग वडिलांकडे, मग माझ्याकडे. "नेटवर्क वीक आहे बहुतेक," तो म्हणाला, आणि पडदा काळा झाला. सहा फूट उंचीचा मुलगा. माझ्या नशिबात हा नमुना येणार होता!

आता कोणाला वाटेल, बापूसाहेब पुण्यावर चिडले असतील. ते आत्यावर चिडले. चांगलं स्थळ घालवलं, चार लोकांत आता तोंड कसं दाखवायचं, वर थांब म्हटलं तर थांबता येत नाही का. मोनूने तेवढ्यात पोहे संपवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जगदेवरावांचा फोन आला. तांत्रिक अडचणीमुळे गैरसमज झाला, असं म्हणाले. आणि आमचे बापूसाहेब, धाकट्या पातीच्या पागेचे वंशज, फोनवर मान हलवत "हो हो, होतं असं, होतं असं" म्हणाले!

फोन ठेवून ते मला समजावू लागले, "पुण्याची माणसं स्पष्ट बोलतात गं. मनात काही नसतं."

आत्या ताटं घासत होती. तिने नळ बंद केला.

"दादासाहेब, बदनावरचं आठवतं?"

आत्या माझ्याकडे वळून बोलू लागली. आवाज नेहमीचाच, कापडातली खोट दाखवताना असतो तसा. "माझी सुपारी फुटली त्या दिवशी मी हात धुवायला त्यांच्या मागच्या अंगणात गेले होते. दाराआड सासू तिच्या बहिणीला सांगत होती, पोरगा पितो, पण देवासवाल्यांना काय कळतंय, एकदा गळ्यात पडली की पडली. माझे वडील गेलेले. घरात मोठा हा. घरी आल्या आल्या मी याला सांगितलं. हा मला काय म्हणाला? म्हणाला, तुझ्या ऐकण्यात चूक झाली, भली माणसं आहेत."

तिने हातातलं ताट निथळत ठेवलं.

"काल मी नुसती खाली येऊन सांगितलं असतं," आत्या म्हणाली, "तर तुझ्या बापाने पुन्हा माझ्या कानांनाच दोष दिला असता. म्हणून ती डबी घेऊन आले."

आणि तिने नळ परत सोडला. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि ताटं पुसू लागले. मला काही तरी बोलायचं होतं. ती म्हणाली, "ओलं फडकं आहे ते. कोरडं घे. इतकी शिकून हे कळत नाही?"

बापूसाहेब बराच वेळ बाहेर ओट्यावर बसले होते. मग आत आले, फोन उचलला आणि पुण्याला लावला. "जगदेवराव," ते म्हणाले, "हे लग्न आम्ही नाही करून राहिलो." 'करत नाही आहोत' असं त्यांनी सुधारून घेतलं नाही. मला त्या वेळी माझ्या बापाचा अभिमान वाटला. तो आठवडाभर टिकला. मग कळलं की समाजात ते पत्रिका जुळली नाही असं सांगत फिरताहेत. बहिणीने वाचवलं हे सांगायला त्यांची जीभ वळली नाही. दीपेश सांगतो बिघाड त्याने शोधला. मोनू सांगतो त्याने थाप मारली नसती तर आवाज आलाच नसता.

पुढच्या वर्षी धामनोदचं स्थळ आलं. हमरस्त्यावर ट्रकच्या टायरांचं दुकान, मुलगा मयुरेश ते बघतो. आत्याने निरोप धाडला की बोलायचं असेल तर समोर येऊन बोला, आणि ते आले. या वेळी आत्या बैठकीत मधोमध बसली होती. तिला वर पाठवायची कोणाची हिंमत नव्हती. मयुरेशने चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायला, आणि बापूसाहेब पागेचं सांगत असताना त्याला डुलकी लागता लागता राहिली. ते गेल्यावर आत्याने निकाल दिला, "बावळट आहे. हसतो तेव्हा सगळे दात दिसतात."

मी म्हटलं, "मला आवडला."

"तुला काय कळतंय?"

"त्याने जाताना तुला विचारलं, आत्या, तुम्हाला कसा वाटलो. तू तोंडावर बावळट म्हणालीस. तरी हसला."

"म्हणून तर म्हणते, बावळट."

लग्न त्याच्याशीच झालं. नोकरी मी सोडली नाही, पीथमपूरच्या एका कंपनीत लागले, रोज बसने जाते. ब्लाऊज सगळे आत्याने शिवले आणि प्रत्येक शिवताना मी जाडी झाल्याचं ऐकवलं. मयुरेशबद्दलचं मत तिने अजून बदललेलं नाही. या एका बाबतीत तिची चूक झाली आहे असं मला वाटतं, पण ते तिला सांगून काय मिळणार?

मागच्या महिन्यात ती धामनोदला राहायला आली. आल्या आल्या ट्रकच्या हॉर्नना शिव्या घातल्या, पाण्याला नावं ठेवली आणि माझ्या सासूबाईंच्या उकडून भाजलेल्या कणकेच्या बाफल्यांना दगड म्हणाली. सासूबाईही काही गरीब गाय नाहीत. त्यांनी विचारलं, "देवासला दात काढून ठेवून आलात का?" मला वाटलं, आता संपलं. पण दुपारी बघते तर दोघी दुकानाबाहेर दोन टायरांवर बसलेल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला आळीपाळीने नावं ठेवताहेत.

आत्या परत जायला निघाली त्या सकाळी सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझी आत्या फार तिरसट आहे गं. आणखी चार दिवस ठेवून घे तिला."